काट्याची साक्ष

मोटारगाडी आतां घरोघरीं झाली असली, तरी तिच्या पोटांत काय चालतें ह्याविषयीं आपल्या कुटुंबांतून पुरतें औदासीन्य आढळतें. चुलीवरचें दूध उतूं जाण्यापूर्वीं कोणता आवाज करतें, हें घरांतली आठ वर्षांची मुलगीही सांगूं शकेल. परंतु अंगणांत उभ्या असलेल्या गाडीचें पाणी आटलें तर ती कोणती खूण देते, हें घरांतल्या पदवीधर पुरुषांसही सांगतां येत नाहीं. आम्ही तर पदवीधरही नाहीं, केवळ मॅट्रिक आहों, आणि उभा जन्म मुलांकडून रूपें व संधि पाठ करून घेण्यांत गेलेला. यंत्रविद्येवर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय! तथापि गेल्या वैशाखांत आमच्या हातून जी चूक घडली, ती वाचकांच्या घरीं घडूं नये एवढ्याचसाठीं ह्या महिन्याचें हें सदर आम्हीं ह्या विषयाकडे वळविलें आहे. सुभाषितांवरील लेखांक पुढील अंकीं येईल.

चालकासमोर तपमानाचा जो काटा असतो, तो स्वतः कांहींच जाणत नाहीं. (कित्येक गाड्यांत काटाही नसतो, एक निळा व एक तांबडा असे दोन दिवेच असतात.) इंजिनाभोंवतीं जें पाणी फिरत असतें, आणि ज्यांत ग्लायकोल मिसळलेलें असल्यामुळें मिस्त्री लोक ज्यास कूलंट म्हणतात, त्यांत बोटाच्या पेराएवढी एक खुंटी बुडालेली असते. हाच तपमानाचा सेन्सर. त्याच्या टोकाशीं धातूंच्या ऑक्साइडांचा एक बारीक मणी असतो. तांब्याची तार तापली म्हणजे विजेस अधिक अडविते. ह्या मण्याचा स्वभाव मात्र उलटा आहे. तो जितका तापेल, तितका त्याचा विजेस अडथळा कमी. पदार्थांत असा उलटा स्वभाव असूं शकतो, हें मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८३३ सालीं सिल्व्हर सल्फाइडावर प्रयोग करीत असतां ध्यानांत आलें होतें. गाडीचा संगणक पांच व्होल्टांची वीज एका ठराविक अडथळ्यांतून ह्या मण्याकडे सोडतो, आणि मण्यावर किती व्होल्ट उरले हें मोजून पाणी किती तापलें ह्याचें अनुमान करतो. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, तो अनुमान करतो. प्रत्यक्ष पाहत नाहीं.

आणि अनुमान म्हटलें कीं हेत्वाभास आलाच. न्यायशास्त्रांत पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचें अनुमान करतात, हें पाठशाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण तो धूर नसून धुकें असेल तर? गाडींतही तेंच. सेन्सरची तार तुटली म्हणजे अडथळा अनंत झाला. संगणक समजतो कीं पाणी अतिशय थंड आहे, आणि वैशाखांतील दुपारींसुद्धां उणें ४० अंश असें बेधडक सांगतो. तीच तार सोलवटून इंजिनाच्या लोखंडास टेकली, म्हणजे अडथळा शून्य. मग इंजिन गार असलें तरी तें जळतें आहे असा पुकारा होतो. शंभर वर्षांपूर्वींच्या गाड्यांना रेडिएटरच्या झाकणावरच कांचेचा उष्णतामापक बसवीत. तो चालकास समोर दिसे आणि त्याच्यांत तुटावयास तारच नसे.

आतां आमची हकीकत. गेल्या माघांत आमच्या पुतण्याची गाडी रात्रभर अंगणांत उभी होती. सकाळीं त्यानें किल्ली फिरविली, तों काटा एकदम तांबड्या रेघेपलीकडे, आणि पुढचा पंखा वावटळीसारखा घोंघावूं लागला. बॉनेटवर अजून दंव होतें! गाडी शहरांतील एका कारखान्यांत नेली. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें त्यांनीं सेन्सर बदलला. आठ दिवसांनीं पुनः तेंच. पुनः बदलला. तिसऱ्या खेपेस त्यांनीं थर्मोस्टॅट म्हणून जें एक लहानसें द्वार पाण्याच्या वाटेंत असतें, तेंच काढून टाकलें, आणि वऱ्हाडच्या उन्हांत ह्याचें कामच काय, असें वर सांगितलें. ही समजूत आमच्याकडे फार पसरलेली आहे, म्हणून दोन शब्द लिहितों. हें द्वार पाणी सुमारें ८० ते ९० अंश तापेपर्यंत मिटलेलें राहतें, त्यामुळें इंजिन लवकर योग्य तपमानास येतें. मग तें उघडतें. तें काढून टाकल्यास धांवतांना इंजिन सदाच कोमट राहतें, संगणक त्यास गारठलेलें समजून पेट्रोल अधिक पाजतो, आणि मालक महागाईस दोष देत बसतो. अशा वेळीं काटा खालींच राहिला तर तो सेन्सरचा दोष नव्हे. काटा खरें तेंच सांगत असतो.

शेवटीं गाडी आमच्या नांदगांवांतीलच एका मिस्त्रीकडे आली. हा आमचा जुना विद्यार्थी. त्याची विभक्तिप्रत्ययांशीं कधीं मैत्री जमली नाहीं, आणि त्याबद्दल आम्हीं त्यास पुष्कळ छड्याही मारल्या आहेत. त्यानें एकही भाग बदलला नाहीं. किल्ली फिरवून काटा वर चढूं दिला, आणि मग सेन्सरच्या डोक्यावरचा प्लग उपसून बाजूस केला. आतां मंडळी, विचार करा. सेन्सर खोटा असता, तर त्यास वगळल्याबरोबर काटा खालीं यावयास पाहिजे होता. तो आला नाहीं. सेन्सर नसतांनाही ताप कायम! म्हणजे आरोप सेन्सरवर नसून तारेवर. ज्यास आपले नैयायिक अन्वयव्यतिरेक म्हणतात, तो ह्या पोरानें तेलकट हातांनीं आमच्यासमोर करून दाखविला. मग तार चाचपीत गेला, तों बॅटरीखालीं उंदरानें ती कुरतडलेली आणि उघडी तांब्याची शीर लोखंडाला टेकलेली. तेवढी जोडून, वर टेप गुंडाळून, थर्मोस्टॅटही त्यानें पुनः बसवून दिला.

झालें, येथपर्यंत सारें ठीक होतें. परंतु ह्या प्रकरणानें आमच्या घरांत एक सिद्धान्त रूढ झाला, कीं ह्या गाडीचा काटा खोटारडा आहे. मुलें तर एकमेकांस खोटें बोलल्यास ‘तूं काटा आहेस’ असें म्हणूं लागलीं. आम्हींही हंसून ती म्हण चालूं दिली.

वैशाखांत पुतण्याच्या मुलाची मुंज ठरली. पहिली अक्षत कारंज्यास गुरुमंदिरांत द्यावयाची, असा आमच्या घरचा कुलाचार आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें तें जन्मस्थान. पुतण्या, सूनबाई, बटु, पुतण्याच्या मातोश्री म्हणजे आमच्या वहिनी, आणि आम्ही, असे पांच जण गेलों. वहिनींचें वय पंचाहत्तरीचें. परंतु प्रसाद घेतल्याविना निघावयाचें नाहीं असा त्यांचा आग्रह, त्यामुळें परत निघावयास एक वाजला. वऱ्हाडांतील वैशाखाची दुपार कशी असते हें अकोला-अमरावतीच्या वाचकांस सांगावयास नको. इतरांनीं ४४-४५ अंश एवढेंच ध्यानीं धरावें.

अर्ध्या वाटेवर पुतण्या म्हणाला, “काका, काटा चढतो आहे. थांबवूं का?”

आम्हीं म्हटलें, “अरे, तो काटा ना? उंदीर पुनः आलेला दिसतो.”

दोन मिनिटें गेलीं असतील नसतील, तों काटा तांबड्या रेघेजवळून आपण होऊन खालीं आला, आणि मधली रेघ ओलांडून थेट तळाशीं जाऊन बसला. आम्हांस तर आनंदच झाला. “पाहिलेंस? तापलेलें इंजिन का दोन मिनिटांत थंडगार होतें? तार हलते आहे, दुसरें कांहीं नाहीं.” हा तर्क आम्हांस त्या वेळीं अगदीं निर्दोष वाटला, आणि आजही तो ऐकावयास वाईट वाटत नाहीं. मागून सूनबाई म्हणाल्या कीं थंड हवेच्या झडपांतून गरम झोत येत आहेत. गाडींत जळक्या पाकासारखा गोडसर वासही येत होता. बटूनें तो प्रथम ओळखला. पुतण्यानें वेग कमी केला व पुनः म्हणाला, “काका, मला वाटतें आपण बघावें.” आम्हीं वहिनींकडे बोट दाखवून सांगितलें, “ह्या उन्हांत त्यांना रस्त्यावर उभें करतोस काय? चल पुढें.” चाळिशीस टेकलेला, दोन पोरांचा बाप असलेला तो माणूस, पण आमच्यासमोर त्यानें आजवर शब्द उलटविलेला नाहीं. तो पुढें चालला.

सहा-सात किलोमीटरांवर इंजिन खडखडलें, त्याचा जोर गेला, आणि गाडी एका निंबाशीं येऊन उभी राहिली.

म्हणजे ज्यांस ऊन लागूं नये म्हणून आम्ही थांबलों नाहीं, त्या वहिनी दोन तास त्याच निंबाखालीं बसल्या. त्यांना घेरी आली. शेजारच्या शेतांतील एका कुटुंबानें माठ आणला, ओलें लुगडें त्यांच्या डोक्यावर धरलें, आणि अखेर वाटेनें जाणाऱ्या एका जीपवाल्यानें बायकामुलांस नांदगांवीं पोंचविलें. वहिनींस उठून देवपूजेस बसावयास तीन दिवस लागले. ते तीन दिवस आमचे कसे गेले तें लिहीत नाहीं.

मिस्त्रीनें गाडी ओढून आणली. रेडिएटरच्या खालच्या नळीचा पट्टा ढिला होऊन सगळें पाणी रस्त्यावर गेलें होतें. आम्हीं विचारलें, “मग तुझा सेन्सर तोंड मिटून कां बसला?” तो म्हणाला, “गुर्जी, सेन्सर चांगलाच हाये. पानीच नोतं त त्यानं कायचं माप सांगाव?”

हें वाक्य आम्हांस पुष्कळ वेळ पुरलें. सेन्सरची खुंटी पाण्यांत बुडालेली असते व पाण्याचा ताप सांगते. पाणी गेलें कीं ती पोकळींत लोंबते. पाणी जितक्या त्वरेनें उष्णता तिच्यापर्यंत पोंचवितें, तितक्या त्वरेनें हवा पोंचवीत नाहीं. म्हणून बाहेर इंजिन जळत असतांही पुष्कळदां काटा खालीं उतरतो. पाणी होतें तोंवर काटा चढला, तें खरें होतें. पाणी संपलें आणि तो उतरला, तेंही त्याच्या परीनें खरेंच होतें. थंड हवेचें यंत्र बंद पडलें, कारण संगणकानें काटा तांबड्याशीं असतांच इंजिनावरचा भार कमी करण्यासाठीं तें तोडलें होतें. गोड वास कूलंटाचा होता. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही माघांतील एका जुन्या खटल्याच्या आधारें चौघांनाही खोटें ठरवून बसलों होतों.

इंजिनाचें वरचें झांकण, ज्यास हेड म्हणतात, तें अॅल्युमिनियमचें असतें. अतितापानें तें वाकलें, खालचें गॅसकेट जळलें. हेड घासून सपाट करणें, गॅसकेट, नळ्या, मजुरी मिळून मुंजीसाठीं बाजूला ठेवलेल्या रकमेंतील निम्म्याहून अधिक रक्कम गेली. मुंज मुहूर्तावरच झाली, पण घरच्या घरीं. सूनबाईंनीं माहेरच्या मंडळींस काय कारण सांगितलें हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं एवढें मात्र नंतर कळलें.

वहिनी बऱ्या झाल्यावर त्यांनीं एक विलक्षण हट्ट धरला. म्हणाल्या, “ज्याच्यावर तुम्हीं आळ घेतला, त्याची परीक्षा मला पाहूं द्या.” मिस्त्रीनें सेन्सर खोलून आणला. सोंवळ्यांतलें नव्हे असें एक जुनें पातेलें शेगडीवर ठेविलें, पाण्यांत उष्णतामापक व दोऱ्यानें बांधलेला सेन्सर सोडला, आणि मल्टिमीटर म्हणून जें यंत्र आतां कोणत्याही विजेच्या दुकानांत मिळतें, त्याच्या दोन तारा सेन्सरच्या दोन पायांस लाविल्या. बटु आंकडे वाचूं लागला व आम्ही टिपूं लागलों. ३० अंशांस सुमारें १,७०० ओहम. ६० अंशांस ६००. ८० अंशांस सव्वातीनशें. उकळी फुटतां फुटतां २०० च्या आंत. कोठें उडी नाहीं, कोठें अडखळणें नाहीं. प्रत्येक गाडीचे आंकडे निराळे असूं शकतात, ते तिच्या पुस्तिकेंत पाहावे. परंतु ताप वाढेल तसा अडथळा सारखा उतरत गेला पाहिजे. मधेंच आंकडा थबकला किंवा उसळला तर सेन्सर गेला असें खुशाल समजावें. आमचा निर्दोष सुटला. वहिनींनीं त्यास कुंकू लावावयाचें तेवढें बाकी ठेविलें.

ज्यांस पातेल्याचा खटाटोप नको, त्यांच्यासाठीं सर्वांत सोपी परीक्षा पहाटेची. गाडी रात्रभर उभी राहिली म्हणजे इंजिनाचें पाणी व बाहेरची हवा ह्यांचें तपमान जवळजवळ एकच होतें. वाचकयंत्र म्हणजे स्कॅनर गाडीस जोडून, इंजिन सुरू करण्यापूर्वीं पाण्याचा व आंत येणाऱ्या हवेचा असे दोन्ही आंकडे पाहावे. हवा २० अंश आणि पाणी ६० अंश असें दिसलें, तर कोणी तरी खोटें बोलत आहे. स्कॅनरवर पी ०११७ हा दोषांक आला तर संगणकाकडे येणारे व्होल्ट फार कमी आहेत, म्हणजे तार लोखंडास टेकलेली किंवा सेन्सर आंतून जुळलेला. पी ०११८ आला तर फार अधिक, म्हणजे तार तुटलेली किंवा प्लग सुटलेला. प्लग उपसल्यावर आंकडा उणें ४० वर गेला आणि प्लगचीं दोन टोकें तारेनें क्षणभर जोडतांच तो एकदम वर चढला, तर तार शाबूत आहे, दोष सेन्सरचा. उपसूनही ताप कायम राहिला, तर आमच्या माघांतल्या उंदराचें स्मरण करावें. जुन्या गाड्यांत काट्यासाठीं एक व संगणकासाठीं एक असे दोन निराळे सेन्सर असतात, तेव्हां स्कॅनर एक सांगतो व काटा दुसरें, ह्याचें आश्चर्य वाटूं देऊं नये. आणखी एक खोंच अशी, कीं कित्येक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम बांधलेला असतो. पाण्याचें तपमान पुष्कळ वरखालीं झालें तरी तो मध्यावरच उभा राहतो, म्हणजे मालकास काळजी नको! अशा काट्यानें हालचाल केली, तर ती उशिराचीच समजावी.

सूनबाईंनीं ह्या परीक्षेंत करोनाच्या काळांत घेतलेलें, कपाळावर रोखावयाचें तापमापक आणून इंजिनावर रोखलें. त्यावर इंग्रजींत ‘हाय’ अशीं अक्षरें उमटलीं. तें यंत्र माणसाच्या तापापुरतेंच असतें, त्यापलीकडे गेलें कीं ‘फार अधिक’ एवढेंच सांगतें. परंतु वहिनींनीं तें मराठींत वाचलें व सर्व मंडळी बऱ्याच दिवसांनीं हंसलीं.

आमची चूक केवळ खेड्यांतल्या मास्तराची आहे असें मानून आम्ही समाधान करून घेणार होतों, तों एका पुस्तकांत अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्राची हकीकत वाचनांत आली. २८ मार्च १९७९ रोजीं तेथील अणुभट्टींतील पाणी एका उघड्या राहिलेल्या झडपेंतून जात होतें. फलकावरचा दिवा झडप मिटण्याचा हुकूम गेला एवढेंच दाखवीत होता, झडप खरोखर मिटली कीं नाहीं हें नव्हे. पुढें भट्टीच्या गाभ्यांतील उष्णतामापकांनीं भलतेच मोठे आंकडे दाखविले; ते विश्वसनीय नसावेत असें तेथील जाणत्या मंडळींनीं ठरविलें. ते आंकडे खरे होते, आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

परीक्षा घरीं करावयाची, रस्त्यावर नव्हे. रस्त्यावर काटा तांबड्याकडे गेला, किंवा कारण नसतां एकाएकीं खालीं पडला, तर तो खरा कीं खोटा हा वाद न घालतां गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. तापल्या इंजिनाचें झाकण उघडूं नये; आंतलें पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्याही वर तापलेलें असतें व तोंडावर येतें. इंजिन पुरतें निवल्यावर टाकींतील पाणी रेघेशीं आहे कीं नाहीं पाहावें. तेथें विहिरीचें पाणी ओतीत राहण्याची संवय सोडावी. दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यांतील वाचकांनीं तर विशेषच, कारण त्या खाऱ्या पाण्यानें रेडिएटर आंतून खाल्ला जातो. अडचणींत कोणतेंही पाणी चालेल, पण घरीं आल्यावर तें काढून योग्य कूलंट भरावें.

परवां अमरावतीहून येतांना बडनेरा मागें पडलें असेल नसेल, तों काटा मधल्या रेघेच्या किंचित् वर गेलेला आम्हीं पाहिला. पुतण्यानेंही पाहिला. त्यानें आम्हांस विचारलें नाहीं. गाडी बाजूस घेतली व इंजिन बंद केलें. आम्ही मुकाट्यानें उतरून एका बाभळीच्या सावलींत जाऊन उभे राहिलों. अर्ध्या तासानें त्यानें बॉनेट उघडून पाहिलें. टाकींतलें पाणी रेघेवर होतें, नळ्या कोरड्या होत्या. रेडिएटरच्या जाळीवर मात्र शेतांतला कचरा व पाखरें यांचा थर बसला होता. तो त्यानें हातानें काढला, आम्हीं फडकें धरलें, आणि दिवेलागणीस घरीं पोंचलों.